पेल्यातील प्रमाण

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसली, की पुढे अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर आमच्या आळीत घरोघर हळदीकुंकवांचा जो क्रम चाले, त्यात आलेल्या सवाष्णीची ओटी भिजवलेल्या हरभऱ्यांनी भरून तिच्या हाती कैरीची डाळ आणि पन्ह्याचे फुलपात्र देण्याचा प्रघात होता; आणि ज्यांना त्या समारंभात प्रवेश नव्हता अशा आम्हा मुलांना, माजघराच्या उंबऱ्याशी उभे राहून, उरलेले पन्हे कोणाच्या वाट्याला किती येते याची चिंता वाहत राहावे लागे. हे पन्हे करण्याचा मक्ता आत्याकडे होता. तिच्यापुढे अडचण अशी, की पहिले पन्हे गौरीच्या नैवेद्याचे, आणि नैवेद्य तर आधी चाखून पाहता येत नाही. म्हणजे आंबट, गोड आणि खारट या तिन्ही रसांचा मेळ जिभेच्या साहाय्यावाचून, निव्वळ मापावर जमला पाहिजे. तिने त्यावर काढलेली तोड मोठी नामी होती. कैऱ्या शिजत घालण्यापूर्वी त्यांतील एकीची पातळ फोड ती आमच्यापैकी कोणाच्या तरी तोंडात घाली आणि त्याचा चेहरा किती वाकडा होतो हे निरखून गुळाचा आकडा मुक्रर करी : डोळे नुसते मिचकावले तर एक वाटी गराला दीड वाटी गूळ, आणि अंगावर शहारा आला तर दोन वाट्या. मग पाव चमचा मीठ, चार वेलदोड्यांची पूड, ऐपतीप्रमाणे केशर आणि सहा वाट्या माठातले पाणी. तिचे पन्हे चुकल्याचे मला आठवत नाही.

त्या वेळी आम्हांला हा सारा खेळ वाटे. पुढे शरीरशास्त्राची चार पुस्तके चाळल्यावर ध्यानात आले, की घरगुती पेयांचे अवघे शास्त्र आत्याच्या त्या वाटीत सामावलेले होते. कारण पाणी, आम्ल, मीठ आणि गोडी या चार द्रव्यांखेरीज आपल्या बहुतेक पेयांत मूलभूत असे फारसे काही नसते, आणि त्याच चार द्रव्यांतून एका मापाने औषध तयार होते, दुसऱ्याने मेजवानी, तर तिसऱ्याने अपाय. पाकशास्त्रावरील मराठी पुस्तकांत कमलाबाई ओगले यांच्या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ‘रुचिरा’ला जे स्थान मिळाले, त्याचेही एक रहस्य हेच, की त्यात ‘अंदाजाने’ या शब्दाची हकालपट्टी करून वाटी आणि चमचा यांचा अंमल बसवलेला होता.

आपल्याकडे पेयांचा इतिहास जुना आहे, आणि त्याची साक्ष शब्दच देतात. संस्कृतातील ‘पानक’ मराठीत येता येता पन्हे झाले, ‘तक्रा’चे ताक झाले, आणि आंबील हा शब्द तर आपल्या कपाळावर आम्लाची मुद्राच घेऊन आला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या उपभोगांची जी यादी आहे, तीत अन्नभोगाच्या जोडीला पानीयभोगाचेही स्वतंत्र प्रकरण आहे. राज्यकारभाराच्या ग्रंथात पाणी कसे प्यावे याला जागा मिळावी, यावरून त्या काळी या विषयाची योग्यता काय मानली जात होती ते समजून येते. पुढे मुसलमानी अमदानीत, ‘पिणे’ असा अर्थ असलेल्या अरबी धातूपासून निघालेला सरबत हा शब्द फारसीच्या मार्गाने आपल्या दप्तरांत आणि स्वयंपाकघरांत दाखल झाला, आणि पन्ह्याला वतन देऊनही लिंबाच्या, वाळ्याच्या व गुलाबाच्या पेयांवर आपली कायमची सनद करून बसला. युरोपात जाऊन त्याच धातूचा दुसरा शब्द ‘सिरप’ झाला.

पेय शरीराला हवे कशासाठी, हे समजण्यास स्वयंपाकघरातील माठाइतका उत्तम गुरू नाही. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी बाहेर पाझरते, पाझरलेले पाणी हवेत उडून जाते, आणि उडून जाताना लागणारी उष्णता ते आतल्या पाण्यातून ओढून घेते. म्हणूनच कोरड्या हवेच्या नागपुरात माठ जितका गार होतो तितका दमट हवेच्या रत्नागिरीत होत नाही. मनुष्याचे शरीर हाही असाच एक पाझरणारा माठ आहे. एक लिटर घाम कातडीवरून उडून गेला म्हणजे तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बरोबर घेऊन जातो, आणि वैशाखाच्या उन्हात कुदळ चालवणाऱ्या माणसाला एवढा घाम येण्यास तासभर पुरतो. परंतु माठातून जाते ते नुसते पाणी, आणि आपल्या अंगातून जाते ते खारट पाणी. घामाने भिजून वाळलेल्या सदऱ्यावर पाठीशी जो पांढरा नकाशा उमटतो, तो या खर्चाचा लेखी दाखलाच होय. तेव्हा पाण्याचा जमाखर्च मांडताना खर्चाच्या बाजूस मीठही लिहिलेले असते, आणि जमेच्या बाजूस नुसते पाणी ओतून हा ताळेबंद जुळत नाही. आत्याच्या पाव चमचा मिठाचे प्रयोजन रुचीचे होते तितकेच या तुटीच्या भरपाईचेही होते.

मिठाच्या जोडीला थोडी गोडी का असावी, याचे उत्तर मात्र विज्ञानाला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सापडले. लहान आतड्याच्या अस्तरात सोडियम आणि ग्लुकोज यांना आत घेणारे एक समाईक द्वार आहे, ते दोघे जोडीने आले म्हणजे सहज उघडते, आणि त्यांच्या पाठोपाठ पाणीही रक्तात ओढले जाते, हे रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० साली मांडले. ह्या ज्ञानाची खरी कसोटी लागली ती १९७१ मध्ये, बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामाच्या काळात. पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत पटकीने थैमान घातले, शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले, आणि डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पाण्यात विरघळवून, पिंपांना तोट्या लावून, ते रोग्यांच्या नातेवाइकांच्याच हातून त्यांना पाजण्याची तजवीज केली. तेव्हा शेकडा ३० पर्यंत गेलेले मृत्यूंचे प्रमाण शेकडा चाराच्याही खाली उतरले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने १९७८ मध्ये या शोधाला शतकातील सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती ठरण्याची योग्यता असलेला शोध म्हणून गौरविले. घरच्या घरी करावयाच्या या जलसंजीवनीचे सोपे रूप असे : एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ.

ह्या ठिकाणी प्रमाणाचा महिमा सर्वांत स्पष्ट दिसतो. जुलाब झालेल्या मुलाला ‘शक्ती यावी’ म्हणून मायेने साखरेचे चमचे वाढवले, तर आतड्यातले दाट पाणी उलट शरीरातलेच पाणी आपल्याकडे ओढते आणि जुलाब बळावतात. मिठाचे वाढवले, तर रक्तातील सोडियम घातक पातळीला जाते. म्हणूनच पन्हे किंवा लिंबाचे सरबत हे कितीही गुणकारी असले, तरी त्यात साखर या जलसंजीवनीच्या कितीतरी पट असल्यामुळे, ते निरोग्याने उन्हातून आल्यावर घ्यावयाचे पेय आहे, अतिसाराच्या रोग्याचे औषध नव्हे. हा विवेक सांभाळला, तर आपापल्या जागी दोन्ही अमृततुल्य आहेत.

आता पन्ह्याकडे पुन्हा वळू. कच्च्या कैरीत आम्ल भरपूर, साखर नाममात्र, आणि पेक्टिन नावाचे चिकट द्रव्य विपुल असते. हेच द्रव्य मुरांब्याला दाटपणा आणते आणि हेच पन्ह्याचा गर पेल्याच्या तळाशी बसू न देता पाण्यात तरंगत ठेवते. कैरी उकडली असता पेशींच्या भिंतींतले पेक्टिन मोकळे होते, म्हणून उकडलेल्या कैरीच्या पन्ह्याला अंगचा भरीवपणा येतो. विस्तवात भाजलेल्या कैरीच्या पन्ह्याला त्याखेरीज धुराचा एक खमंग वास असतो. कच्ची कैरी किसून, साखर-मीठ लावून, पाण्यात कुस्करून गाळलेले पन्हे पातळ होते, परंतु उष्णतेने नाश पावणारे ‘क’ जीवनसत्त्व त्यात अधिक शिल्लक राहते. तिन्ही रीती चांगल्या. मात्र गूळ घातला म्हणजे पन्हे पथ्याचे झाले, हा एक सार्वत्रिक भ्रम आहे. गुळात खनिजांचा थोडा अंश साखरेहून अधिक असतो हे खरे, पण गुळाचा बहुतांश भाग साखरच असतो, आणि मधुमेही माणसाच्या रक्ताला या दोहोंतील भेद फारसा कळत नाही.

कोकणात आणि गोमंतकात पन्ह्याची गादी कोकमाकडे आहे. एप्रिल-मे महिन्यांत झाडाखाली लालभडक रातांब्यांचा सडा पडू लागला, की घरातील सगळी माणसे कामाला लागतात. कारण पाऊस सुरू होण्याच्या आत हा सारा माल घरात आणून त्याची विल्हेवाट लावली नाही, तर झाडावरचे फळ झाडावरच कुजून जाते. गोव्यात भिरंड म्हणून ओळखले जाणारे हे फळ इतके काटकसरी, की त्याचे काहीही वाया जात नाही : सालीचे तुकडे गराच्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून, पुटावर पुटे देऊन, उन्हात वाळवले म्हणजे आमसुले होतात, मीठ घालून काढलेला रस म्हणजे आगळ, आणि बियांतील तेल थिजवून केलेले मुठेल हिवाळ्यात फुटलेल्या टाचांना लावण्यासाठी ठेवणीत जाते. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ ही त्याची सुधारित जातही दिली आहे.

‘अमृत कोकम’ करण्याची रीत पाहण्यासारखी आहे. रातांबे धुऊन, पुसून, त्यांचे दोन भाग करावे. आतल्या बिया काढून टाकून सालीच्या वाट्या कराव्या. आणि चिनी मातीच्या अथवा काचेच्या बरणीत वाट्यांचा एक थर, साखरेचा एक थर असे रचत जावे. सालीच्या दुप्पट वजनाची साखर, हे तिचे प्रमाण. पहिल्या दिवशी बरणीत कोरडी साखर आणि लाल साली अशा वेगवेगळ्या दिसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी बरणी वाकडी करून पाहिली, तर तळाशी दोन बोटे किरमिजी रस जमलेला असतो. विस्तव नाही, पाणी नाही. साखरेनेच सालीतील पाणी ओढून घेतलेले असते, आणि ती ओढ दिवसेंदिवस चालू राहून आठवड्याच्या आत साऱ्या साखरेचा पाक होतो आणि साली चामड्यासारख्या सुरकुतून वर तरंगू लागतात. ज्या ओढीने सालीतील पाणी बाहेर आले, तीच ओढ पाकात पडणाऱ्या जंतूंच्या अंगातलेही पाणी शोषून घेते, म्हणून हा पाक वर्षभर टिकतो. साखर अर्ध्यावर आणली, तर मात्र तो आठ-दहा दिवसांत फसफसू लागेल. एक भाग पाक, पाच-सहा भाग पाणी, चिमूटभर मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड, असे हे सरबत जमते.

ज्यांना साखर वर्ज्य त्यांच्यासाठी कोकमाचेच दुसरे रूप आहे, ते सोलकढीचे. नारळाचा पहिला दाट रस निराळा काढावा, मग चोथ्यावर कोमट पाणी घालून दुसरा पातळ रस काढावा, दोन्ही एकत्र करून त्यात ठेचलेली लसूण, हिरवी मिरची व मीठ घालावे, आणि शेवटी आगळाची धार सोडावी. पांढऱ्या शुभ्र रसात ती धार पडली, की प्रथम तिच्या वाटेने एक गडद रेघ उमटते, आणि पळीचा एक वळसा दिला की सारे पातेले मोगऱ्याच्या शेजारी फुललेल्या गुलाबाच्या रंगाचे होते. हा रंग अँथोसायनिन जातीच्या द्रव्याचा; आम्लात तो लाल राहतो आणि आम्लता घटली की पालटतो. आमसुलाच्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून पाहावा, लाली जाऊन काळपट-निळसर छटा येते. मुलांना रसायनशास्त्राचा पहिला धडा देण्यास याहून स्वस्त प्रयोगशाळा मिळणार नाही. सोलकढी विस्तवावर चढवू नये, रस फुटतो; आणि ती रात्रीसाठी राखून ठेवू नये, कारण नारळाचा रस उन्हाळ्यात चार-सहा तासांत विटतो.

देशावर हाच मान ताकाचा आहे. ताक म्हणजे पाणी घातलेले दही, अशी शहरात समजूत झाली आहे. पण ज्याने घुसळखांबाशी उभे राहून रवीची दोरी ओढली आहे, तो ही व्याख्या कबूल करणार नाही. ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात पाण्याच्या व सायीच्या प्रमाणावरून ताकाचे घोल, मथित, तक्र, उदश्वित आणि छच्छिका असे पाच भेद केलेले आहेत : पाणी न घालता सायीसकट घुसळलेले ते घोल, साय काढून पण पाण्याविना ते मथित, चौथाई पाण्याचे ते तक्र, निम्म्या पाण्याचे ते उदश्वित, आणि लोणी काढून भरपूर पाणी घातलेली ती छच्छिका. एकाच दह्याला पाण्याच्या मापावरून पाच नावे देणाऱ्या त्या शास्त्रकाराची दृष्टी आत्याच्या वाटीहून निराळी नव्हती. घुसळताना स्निग्ध पदार्थाच्या कणांवरील पातळ आवरण फुटते आणि ते कण एकमेकांना चिकटून लोण्याचा गोळा वर येतो. दही फार ऊन असेल तर लोणी पातळ राहते, फार गार असेल तर कण चिकटतच नाहीत, म्हणून उन्हाळ्यात गार आणि थंडीत कोमट पाण्याचा हबका मारण्याची रीत पडली.

दूध ज्यांना सोसत नाही अशा पुष्कळांना ताक सोसते, याचे कारण दुधातील लॅक्टोज ही साखर विरजणातील जंतूंनी काही अंशी खाऊन तिचे लॅक्टिक आम्ल केलेले असते. रशियन शास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ याने विसाव्या शतकाच्या आरंभी बल्गेरियातील शेतकऱ्यांचे दीर्घायुष्य त्यांच्या दह्यात शोधले, आणि त्याला १९०८ चे नोबेल पारितोषिक जरी रोगप्रतिकारशक्तीवरील निराळ्या संशोधनासाठी मिळाले, तरी दह्याची कीर्ती मात्र त्याच्या नावाने जगभर झाली. दीर्घायुष्याचा तो दावा पुढे सिद्ध झाला नाही. तथापि प्रथिने, कॅल्शियम, पाणी आणि मीठ एवढी सामग्री वरून साखरेचा कणही न घालता देणारे दुसरे स्वस्त पेय आपल्या घरात नाही, एवढे त्याच्या थोरवीला पुरे आहे. आले, कोथिंबीर आणि जिरे लावून जिलबीच्या पंगतीला वाढला जाणारा मठ्ठा हा त्याचाच दरबारी पोशाख.

आंबिलीला असा पोशाख कोणी चढवला नाही. ती रयतेचीच राहिली. नाचणीचे अथवा जोंधळ्याचे पीठ रात्री पाण्यात किंवा ताकात कालवून ठेवावे, सकाळी त्यास किंचित आंबूस वास आला म्हणजे पाण्यात सैल करून शिजवावे, मीठ, ठेचलेली लसूण, जिरे घालावे आणि गार झाल्यावर वरून ताक ओतून प्यावे, इतकी ती साधी. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे तेवढ्याच वजनाच्या दुधाच्या जवळजवळ तिप्पट. परंतु धान्यातील फायटिक आम्ल हे कॅल्शियम व लोह आपल्या मुठीत धरून ठेवते, आणि ती मूठ सैल करण्याचे काम रात्रभराचे आंबणे करते. नाचणी भिजवून, मोड आणून दळली, तर अंकुरात उत्पन्न झालेले अमायलेज हे पाचकद्रव्य पिठूळ भागाचे विघटन करते आणि पेज पातळ होते, त्यामुळे तेवढ्याच वाटीत अधिक पीठ मावून लहान मुलाच्या पोटात अधिक अन्न जाते. मोडाच्या नाचणीचे सत्त्व बाळाला देणाऱ्या आज्यांना अमायलेज हे नाव ठाऊक नव्हते. बाळ अंग धरते हे ठाऊक होते.

ह्या जुन्या मंडळीत आता एक नवा पाहुणा आला आहे. भांड्याच्या तळाशी पाते फिरणाऱ्या यंत्राचे पहिले एकस्व अमेरिकेत स्टीफन पॉप्लॉव्स्की याने १९२० च्या दशकात मिळवले, आपल्याकडे १९६० नंतर मुंबईत तयार झालेल्या सुमीत मिक्सरने पाट्या-वरवंट्याला निवृत्तिवेतन दिले, आणि आता त्याच भांड्यात सकाळी फळे, दही व सुकामेवा एकत्र फिरवून ‘स्मूदी’ नावाचे दाट पेय सिद्ध होऊ लागले आहे. पाहुणा वाईट नाही. गाळलेल्या रसाहून तो निश्चित सरस आहे. कारण पेलाभर संत्र्याचा रस काढण्यास तीन-चार संत्री लागतात, त्यांचा चोथा आपण टाकून देतो आणि चार संत्र्यांची साखर दोन घोटांत पोटात ढकलतो, उलट मिक्सरात फिरवलेल्या फळाचा चोथा निदान पेल्यात तरी राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मोकळ्या साखरेची मर्यादा ठरवताना फळांच्या रसातील साखरही तीतच धरली आहे. ही मर्यादा दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दशांशाइतकी, म्हणजे साधारण ५० ग्रॅम, आणि शक्य तर त्याच्या निम्मी. दोन केळी, चार खजूर, दोन चमचे मध आणि वर दूध, असा पेला ‘साखर न घातलेला’ म्हणवून घेतो. त्याची रुजुवात एकदा प्रत्येकाने स्वतःच करून पाहावी.

शिवाय मिक्सराला विवेक नसतो. तो काहीही एकत्र करतो. आमच्या शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा एकदा अननसाच्या फोडी आणि थंड दूध एकत्र फिरवून मोठ्या उत्साहाने पेला घेऊन आला, आणि दहा मिनिटे गप्पांत गेल्यावर आम्ही तो तोंडाला लावला, तर पेय कडू! त्याने दूध विकणाऱ्यावर संशय घेतला. पण अपराधी अननस होता. अननसातील ब्रोमेलेन आणि पपईतील पपेन ही द्रव्ये प्रथिनांचे तुकडे करतात, आणि दुधाच्या प्रथिनांचे असे तुकडे जिभेला कडू लागतात. अननस पाच मिनिटे शिजवून गार करून घेतला, तर ती द्रव्ये निकामी होतात आणि दूध बिघडत नाही. लिंबू किंवा संत्रे दुधात पडले तर निराळेच घडते : आम्लाने दुधातील केसीन गोळा होऊन दूध फाटते. आंबट फळांचा संसार दह्याशी सुखाने होतो, कारण दही आधीच आंबट होऊन बसलेले असते. केळे, चिकू आणि पिकलेला गोड आंबा दुधाशी जुळवून घेतात. कापलेले केळे वा सफरचंद हवेने काळवंडते, त्यावर चार थेंब लिंबू पिळले म्हणजे तो दोष टळतो.

आरोग्याच्या नावाखाली कच्च्या भाज्यांचे रस पिण्याची जी टूम आली आहे, तिच्याविषयी मात्र स्पष्ट इशारा देणे प्राप्त आहे. दुधी भोपळा कधी कधी कडू निघतो, आणि तो कडवटपणा कुकुर्बिटासिन या विषारी द्रव्याचा असतो. ‘औषध कडूच असायचे’ असे म्हणून असा रस पिणाऱ्यांना रक्ताच्या उलट्या झाल्याची आणि काहींना प्राणास मुकावे लागल्याची उदाहरणे आपल्या देशात घडल्यामुळे, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने कडू दुधीचा रस मुळीच घेऊ नये असा निर्णय दिला. रस काढण्यापूर्वी दुधीची एक चकती चाखून पाहावी. आत्याची कैरीची फोड येथे प्राणरक्षक ठरते. त्याचप्रमाणे शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम विपुल आणि सोडियम बेताचे, म्हणून मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने ते वैद्याला विचारल्याखेरीज पिऊ नये, आणि घामाने गेलेल्या मिठाची भरपाई केवळ त्याने होईल असे निरोग्यानेही मानू नये.

भांड्याविषयी दोन शब्द सांगून हा विषय आवरता घेतो. ताक, पन्हे, कोकम ही सर्व आम्लधर्मी पेये बिनकल्हईच्या तांब्यापितळेच्या भांड्यात कळकतात, म्हणजे आम्लाने धातू विरघळून पेयात उतरतो आणि मळमळ व उलट्या होतात. पूर्वी आळीत कल्हईवाल्याची आरोळी उठली, की घरातील बायका निम्मी मांडणी रिकामी करून त्याच्या भात्यापुढे नेत, ती याच धास्तीने. आज काच, चिनी माती अथवा पोलाद घरोघर आहे, त्याचाच उपयोग करावा. बर्फ घरी उकळलेल्या पाण्याचा नसेल तर घालू नये. पाणी उकळून प्यावे आणि त्यात कोठल्यातरी गाडीवरचा बर्फ टाकावा, हा जमेकडे रुपया आणि खर्चाकडे दोन लिहिण्याचा प्रकार आहे. माठ, आणि त्यात वाळ्याची एक जुडी, एवढ्याने मराठी माणसाच्या कित्येक पिढ्यांचे उन्हाळे सुगंधी आणि शीतल झालेले आहेत.

आत्या गेली, तिची पितळी वाटी तेवढी आमच्याकडे आहे. वाचकांना विनंती एवढीच, की पन्ह्याला किती गूळ घालावयाचा ते त्यांनी आपल्या घरच्या मुलांच्या चेहऱ्यांवरून खुशाल ठरवावे, त्याबाबत पूर्ण मुभा आहे. पण एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे माप मात्र स्वयंपाकघरातील कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस ठळक अक्षरांत लिहून ठेवावे.